किंमत सांगतो, पण विचारतंय कोण?

धंदा करणाऱ्या माणसाला ‘काय, कसा चाललाय धंदा?’ असं एकदम विचारू नये. बिचारा गोंधळतो. उत्तर ठाऊक नसतं म्हणून नव्हे. उत्तरं चार-पाच तयार असतात, पण समोरचा नक्की कोण हे कळल्याशिवाय त्यांतलं कुठलं बाहेर काढायचं ते ठरत नाही. मुलासाठी स्थळ बघताना धंदा ‘देवाच्या दयेनं उत्तम’ असतो. बँकेच्या मॅनेजरसमोर तो ‘जोरातच आहे साहेब, फक्त खेळतं भांडवल जरा कमी पडतंय’ इथपर्यंत येतो. इन्कम टॅक्सच्या कचेरीत ‘उलाढाल नुसती दिसायला, हातात काही राहत नाही’. दुकान विकत घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला ‘सोन्याची खाण आहे हो, गुडघे साथ देत नाहीत म्हणून, नाहीतर...’ आणि वाटणी मागायला आलेल्या सख्ख्या भावाला ‘अरे, गेली तीन वर्षं पदरचे घालून चालवतोय मी!’

हे सगळं एकच माणूस एकाच आठवड्यात, चेहऱ्यावरची रेषही न हलू देता बोलतो. त्याला खोटारडा म्हणायची घाई करू नका. यातल्या प्रत्येक उत्तराला कायद्यात जागा आहे, प्रत्येकासाठी एक पद्धत आहे आणि प्रत्येकाखाली सही-शिक्का करून देणारा एक अधिकृत माणूस आहे.

त्या माणसाला मूल्यांकनकार म्हणतात. बाजारात म्हणतात व्हॅल्युअर. पूर्वी हे काम कुणीही करायचं: सीए, इंजिनिअर, गावातले जाणते मामा. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम २४७ आलं, २०१७ साली नियम आले आणि निदान त्या कायद्यापुरती तरी परीक्षा पास होऊन नोंदणी करणं सक्तीचं झालं. नोंदणी कुठे? इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्सी बोर्डाकडे, म्हणजे दिवाळखोरीचं काम बघणाऱ्या मंडळाकडे. धंद्याची किंमत करणारा आणि धंदा बुडाल्यावर निस्तरणारा, दोघांना एकाच छपराखाली आणणाऱ्या सरकारच्या दूरदृष्टीला तोड नाही. नोंदणीचे वर्ग तीन: जमीन-इमारत, यंत्रसामग्री आणि रोखे-वित्तीय मालमत्ता. त्यामुळे एकाच कारखान्यात तीन व्हॅल्युअर येऊ शकतात. पहिला भिंतीवर थाप मारतो. दुसरा मशिनवरची पाटी वाचतो. तिसरा कशाकडेच बघत नाही, तो लॅपटॉपसाठी प्लग कुठे आहे ते विचारतो. सगळ्यात मोठा आकडा तोच काढतो.

तिघांचाही पहिला प्रश्न मात्र एकच: ‘कशासाठी पाहिजे?’ नवख्याला यात लबाडी दिसते, पण शास्त्रच तसं आहे. विकायचं असेल तर एक किंमत, करासाठी दुसरी, कोर्टासाठी तिसरी. अहवालाच्या सुरुवातीलाच उद्देश आणि तारीख लिहावी लागते. मालकाची अडचण एवढीच की उद्देश सांगायच्या आधी त्याला आकडा सुचलेला असतो. ‘तुम्ही काढा साहेब तुमच्या पद्धतीनं. फक्त सव्वा कोटीच्या आसपास येईल असं बघा.’

एक दुकान डोळ्यांसमोर धरू या, म्हणजे बोलायला सोपं. तालुक्याचं गाव, एसटी स्टँडसमोर फरसाण-मिठाईचं दुकान, आजोबांनी टाकलेलं. आता दोन भाऊ मालक. थोरले बारा महिने गल्ल्यावर बसतात. धाकटे पुण्यात नोकरीला. ते दिवाळीचे चार दिवस मदतीला म्हणून गल्ल्यावर बसतात आणि तेवढ्यात बाराही महिन्यांचा हिशेब करतात. व्हायचं ते झालं. धाकट्यांना आपला हिस्सा मोकळा करून हवाय, थोरले द्यायला तयार आहेत, घोडं अडलंय ते आकड्यावर. थोरल्यांच्या व्हॅल्युअरने दुकानाची किंमत काढली सत्याहत्तर लाख, धाकट्यांच्या व्हॅल्युअरने सव्वा कोटी. दोघंही अनुभवी, दोघांचेही अहवाल स्पायरल बाइंडिंगमध्ये, आणि बेरीज-गुणाकार दोन्हींकडे बिनचूक.

हे कसं होतं ते समजायला पद्धती माहीत हव्यात. त्या मुळात तीन: मालमत्तेवरून, मिळकतीवरून आणि बाजारभावावरून. यावरची पुस्तकं जाडजूड असतात, पण गणपती मंडळाची पोरं वर्गणी मागताना ज्याने पाहिली आहेत त्याला ती वाचायची गरज नाही. चौघं दुकानात शिरतात. पहिला वर बघतो आणि म्हणतो, ‘काका, नवीन एसी बसवला वाटतं.’ ही मालमत्ता पद्धत. दुसरा म्हणतो, ‘काल रात्री साडेनऊला पण गर्दी होती राव.’ ही मिळकत पद्धत. तिसरा पावतीपुस्तक उघडून शेजारच्या कापडवाल्याची पावती दाखवतो: पाच हजार एक. ही बाजार पद्धत. चौथा काहीच बोलत नाही, त्याने पावतीवर आकडा टाकायला घेतलेला असतो. काका म्हणतात, ‘मंदी आहे रे यंदा.’ लगेच मंदीची सूट देऊन आकडा अडीच हजार एक होतो. अहवाल चार मिनिटांत तयार, फी उलट आपणच भरायची, आणि चुकून कमी आकडा लागला असं इतिहासात झालेलं नाही.

व्हॅल्युअरला इतकी मोकळीक नसते, पण त्याच्याकडे मिळकत पद्धतीचं एक अस्त्र असतं. त्याचं नाव डिस्काउंटेड कॅश फ्लो, लाडाने डीसीएफ. धंद्यातून पुढे दरवर्षी किती रोकड सुटेल ते मांडायचं आणि त्या सगळ्या रकमा आजच्या पैशांत आणायच्या. आता पुढचे पैसे आजच्यापेक्षा हलके, कारण वाट बघावी लागते आणि बुडायची धास्तीही असते. म्हणून ठरावीक टक्क्यांनी ते कापायचे. पहिली पाच वर्षं मालकाला विचारून मांडतात. त्यापुढचा काळ एका झटक्यात मांडतात, आणि तो काळ म्हणजे साक्षात अनंतकाळ. आपल्या दुकानात पुढच्या वर्षी दहा लाख सुटणार आणि ती रक्कम दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढत जाणार, असं धरा. कापायचा दर १५ टक्के. पंधरातून पाच गेले, दहा उरले. दहा लाखांना दहा टक्क्यांनी भागलं की किंमत एक कोटी.

आता गंमत बघा. धाकट्यांच्या व्हॅल्युअरने कापायचा दर १४ केला आणि वाढ ६. फरक आठ टक्के, किंमत सव्वा कोटी. थोरल्यांच्या व्हॅल्युअरने दर १७ केला आणि वाढ ४. फरक तेरा टक्के, किंमत सत्याहत्तर लाख. एक-दोन टक्के इकडे-तिकडे, आणि अठ्ठेचाळीस लाखांची दरी. दोघांनी समर्थनाला तक्ते जोडलेत. भाव एकाच शेवेचा, पण ती अनंतकाळपर्यंत दरसाल किती खपणार याबद्दल प्रामाणिक मतभेद आहेत. भविष्य सांगणाऱ्या ज्योतिषाला आपण निदान ‘पुढच्या सहा महिन्यांचं सांगा’ म्हणतो.

मिळकतीचा हा खेळ खरा रंगतो तो दुकान विकताना. आयुष्यभर वहीत मंदी लावलेला मालक घेणाऱ्याला आतल्या खोलीत नेतो, दार लोटतो आणि हळू आवाजात म्हणतो, ‘कागदावर आठ लाख दिसतात. खरे पंचवीस सुटतात.’ घेणारा मान डोलावतो. त्याचा सीए मात्र डोलावत नाही. तो म्हणतो, ‘आम्ही कागदाच्या पटीत पैसे देतो. बाकीचे सतरा तुम्ही सांगताय तेवढेच.’ दरवर्षी त्या सतरा लाखांवर वाचवलेला कर मालकाला आठवतो. मग न दाखवलेले सतरा लाख सात-आठ पट होऊन किमतीतून कसे वजा झाले तेही कळतं. सरकारने जे वसूल केलं नाही ते गिऱ्हाइकाने व्याजासकट वसूल केलं. कर बुडवण्याविरुद्ध इतका चोख युक्तिवाद कुठल्याही मंत्र्याला अर्थसंकल्पाच्या भाषणात जमलेला नाही.

इन्कम टॅक्स खात्याची स्वतःची पद्धत वेगळीच आहे. बाजारात नोंद नसलेल्या कंपनीचा शेअर आप्त नसलेल्या माणसाला स्वस्तात दिला, तर खातं एका सूत्राने त्याची किंमत काढतं. सीए मंडळींच्या तोंडी ते नियम ११यूए म्हणून बसलेलं आहे. त्यात कंपनीच्या बहुतेक मालमत्तेचा आकडा वहीतला धरायचा, पण दागिने आणि कलाकृती बाजारभावाने, आणि जमीन-इमारत मुद्रांकाच्या दराने, म्हणजे आपल्या रेडी रेकनरने. त्यातून देणी वजा. आता या सूत्रात घरच्या घरी कमावलेल्या गुडविलला, आजोबांच्या नावाला, कुठे जागा ते शोधा. सापडणार नाही. वहीतच त्याची नोंद नसते. कंपनीच्या मालकीचं चित्र केबिनमध्ये टांगलेलं असेल तर त्याला बाजारभाव. ज्याच्या नावावर दुकान चाललं त्या माणसाच्या हार घातलेल्या फोटोला मात्र शून्य.

गुडविल या प्रकाराने भल्याभल्यांना चकवलंय. बंगळुरूच्या अगरबत्ती बनवणाऱ्या एका भागीदारी पेढीचा खटला कर-वकिलांना तोंडपाठ असतो. पेढी मोडली, गुडविलची किंमत धरली दीड लाख, आणि ते नव्या पेढीकडे गेलं. खातं म्हणालं, विकलंत म्हणजे नफा झाला, कर भरा. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने विचारलं, नफा काढायला विक्रीतून खरेदी वजा करावी लागते. सुगंधाबरोबर पसरत गेलेल्या या नावाची खरेदी कधी झाली आणि कितीला? ते सांगता येत नाही. मग नफाही काढता येत नाही आणि करही लागत नाही. व्यापाऱ्यांनी पेढे वाटले असतील. पण सरकारही धंद्यातलंच. १९८७ साली कायद्यात दुरुस्ती आली: अशा गुडविलची खरेदी किंमत शून्य धरावी. झालं! पहाटे चारला उठून भट्टी पेटवणारे आजोबा, उधारीवर बुंदी देऊन लग्नं पार पाडणारी आजी, या सगळ्याची कायदेशीर खरेदी किंमत शून्य रुपये शून्य पैसे. २०२१ च्या अर्थसंकल्पाने विकत घेतलेल्या गुडविलवरचा घसाराही काढून घेतला. नाव काही झिजत नसतं, अशी सरकारची समजूत दिसते. ज्यांनी वाटणीचे दावे पाहिलेत त्यांना विचारा.

वाटणीत गुडविलचा प्रश्न आणखी नाजूक. गिऱ्हाईक नक्की कुणाचं? जागेचं की माणसाचं? इंग्लंडच्या न्यायाधीशांनी १९३४ च्या एका खटल्यात यासाठी थेट पशुसृष्टी आणली. मांजर घराला धरून राहतं, मालक बदलला तरी उंबरठा सोडत नाही. कुत्रा माणसाच्या मागे जातो, घर बदललं तरी. उंदराला ना घराचं प्रेम ना माणसाचं. त्यातच ससाही आला, जो केवळ जवळ राहतो म्हणून येतो. तशी गिऱ्हाइकंही चार प्रकारची. आमच्या दोन भावांचं प्रकरण कोर्टात गेलेलंच होतं; त्यांच्या वकिलांनी हे वाचल्यापासून खटल्याला धार आली. थोरल्यांचं म्हणणं, आमची गिऱ्हाइकं कुत्री आहेत. म्हणजे माझ्या तोंडाकडे बघून येतात, माझ्यामागे येतील, सबब त्यांत भावाचा वाटा नाही. धाकट्यांचं म्हणणं, सगळी मांजरं आहेत. एसटीतून उतरतात आणि समोरच्या दुकानात शिरतात, गल्ल्यावर कोण बसलंय हे बघायला वेळ कुणाला? चाळीस वर्षं दर शनिवारी पाव किलो चिवडा नेणारे निवृत्त हेडमास्तर कोर्टाच्या पायरीवर उभं राहून आपण नेमके यातले कोण, हे विचारत होते.

आपल्याकडेही हा प्रश्न वरपर्यंत गेलेला आहे. चर्चगेटच्या इरॉस थिएटरच्या गुडविलची किंमत किती, यावर युद्धकाळातल्या जादा नफ्यावरच्या करातून वाद निघाला आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. न्यायालयाचं मत असं पडलं की जागेचा वाटा मोठा खरा, जागा हलली तर गुडविल जाऊही शकतं, पण जागा म्हणजे सर्वस्व नव्हे. सेवा, लौकिक, चालवणाऱ्यांची सचोटी, स्पर्धा नसणं, हे सगळं त्यात येतं. हा निकाल वाचला की ‘आमची कोठेही शाखा नाही’ या पाटीचा खरा अर्थ लागतो. बहुतेक वेळा पाटी लावणाऱ्याचा भाऊ समोरच्या फूटपाथवर असतो. म्हणूनच गुडविलसकट दुकान घेणारा शहाणा माणूस विकणाऱ्याकडून लिहून घेतो की ठरलेल्या हद्दीत तुम्ही हाच धंदा पुन्हा काढणार नाही. असा करार १८७२ च्या करार कायद्याला चालतो, अट वाजवी असेल तर. विकणारा आनंदाने सही करतो. मग त्याच्या सूनबाईंच्या नावाने दुकान निघतं.

या फरसाणवाल्यांना हसू नका. माणसं मोठी झाली की फरक फक्त शून्यांचा पडतो. २०१६ साली टाटा आणि शापूरजी पालनजी समूहाचं बिनसलं आणि २०२० साली वेगळं व्हायची भाषा निघाली. टाटा सन्समधल्या साधारण १८ टक्के हिश्शाची किंमत शापूरजी पालनजींच्या बाजूने सांगितली गेली पावणेदोन लाख कोटी रुपये. टाटांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं गेलं सत्तर ते ऐंशी हजार कोटी. मधला फरक एक लाख कोटींच्या घरातला. दोन्हींकडे देशातले अव्वल वकील, अव्वल सल्लागार. २०२१ च्या निकालात न्यायालयाने किंमत ठरवायचं काम काही अंगावर घेतलं नाही. कोर्टांची ही जुनी सवय आहे. हिंदुस्थान लिव्हरमध्ये टाटा ऑइल मिल्स, म्हणजे टॉम्को, विलीन झाली तेव्हा टॉम्कोच्या १५ शेअरना लिव्हरचे २ असं प्रमाण ठरलं. त्यावरचं भांडणही सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाचा सूर असा होता की जाणकाराने मान्य पद्धतींनी हिशेब केलाय, भागधारकांनी मोठ्या बहुमताने मंजूर केलाय, आम्ही पुन्हा गणित करत बसणार नाही. न्यायाधीशांचं बरोबरच आहे. न्याय आंधळा असावा, पण त्याला अनंतकाळाची बेरीज कशाला करायला लावायची?

नव्या पिढीची तऱ्हा उलटी. थोरल्यांचा मुलगा पुण्यात स्टार्टअप चालवतो. त्याला किंमत कमी दाखवायची नसते, जास्तीत जास्त दाखवायची असते. त्याच्या डीसीएफमध्ये नफा अजून सुरू झालेला नसतो, पण पाचव्या वर्षी तो अख्ख्या तालुक्याला पुरेल इतका असतो. यांच्यासाठी सरकारने २०१२ साली एंजल टॅक्स आणला: शेअर रास्त किमतीपेक्षा महाग विकलात तर वरची रक्कम तुमचं उत्पन्न. दोन-तीन वर्षांनी अधिकारी जुना डीसीएफ उघडून विचारायचे, ‘यात लिहिलेला नफा कुठाय?’ या प्रश्नाला उत्तर असतं तर मुलगा स्टार्टअप चालवत नसता. परकीय चलनाचा कायदा मात्र सांगतो की परदेशी माणसाला शेअर रास्त किमतीपेक्षा स्वस्तात देता येणार नाही. २०२३ मध्ये एंजल टॅक्स परदेशी गुंतवणूकदारांनाही लागू झाला. एका कायद्याने खाली जायची बंदी, दुसऱ्याने वर जायला दंड. बिचारी किंमत मधोमध श्वास रोखून उभी. २०२४ च्या अर्थसंकल्पाने हा कर रद्द केला तेव्हा स्टार्टअपवाल्यांनी सुटकेचा निश्वास टाकला आणि लगेच पुढच्या पाच वर्षांचा तक्ता मांडला.

कौटुंबिक न्यायालयात याच धंद्याची तिसरी बाजू दिसते. लग्न ठरवताना बायोडाटात ‘स्वतःचा भरभराटीचा व्यवसाय, दुकान व गोडाऊन’ असं लिहिलेलं असतं. पोटगीच्या अर्जावर तेच दुकान ‘वडिलोपार्जित, भाड्याच्या जागेत, कसंबसं चालणारं’ होतं. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या दाव्यांत दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर सांगावीत असा दंडक घातला. तेव्हापासून मुलीकडची माणसं मुलाचा बायोडाटा लॅमिनेट करून ठेवतात. भरभराटीचा तेवढाच एक लेखी पुरावा हातात असतो.

माणूस गेल्यावर तरी आकडे शांत होतील असं वाटतं. आपल्याकडे १९५३ ते १९८५ या काळात वारसाहक्कावर संपदा शुल्क होतं आणि सर्वांत वरच्या टप्प्यात दर ८५ टक्क्यांपर्यंत होता. त्या काळात मालकापाठोपाठ त्याचा धंदाही प्राण सोडायचा, निदान कागदावर. अमेरिकेत असा कर अजून आहे आणि तिथे तर मायकेल जॅक्सनचाच खटला झाला. हाच जॅक्सन १९९६ साली अंधेरीच्या क्रीडासंकुलात नाचून गेला होता. २००९ साली तो गेला. त्याच्या नावाची आणि चेहऱ्याची व्यापारी किंमत वारसांच्या बाजूने विवरणपत्रात दाखवली गेली २,१०५ डॉलर, म्हणजे त्या वेळचे लाखभर रुपये. एवढ्यात त्याचा तो चमचमता हातमोजाही आला नसता. कर खात्याने काढले ४३ कोटी डॉलरच्या वर. वारस म्हणाले, मरताना त्याची बदनामी फार झाली होती, नाव कोण घेणार? खातं म्हणालं, जॅक्सन तो जॅक्सनच. २०२१ साली कोर्टाने आकडा दिला सुमारे साडेएकेचाळीस लाख डॉलर. सगळ्या वकिलांना पुरून थोडंफार उरेल, एवढा.

आणि या सगळ्या अहवालांच्या शेवटी एक मजकूर असतो. तो बारीक टाइपात असतो म्हणून कुणी वाचत नाही. ‘व्यवस्थापनाने दिलेली माहिती आम्ही खरी मानली आहे, स्वतंत्रपणे तपासलेली नाही. हा अहवाल फक्त नमूद उद्देशासाठी आहे. इतर कुणी त्यावर विसंबल्यास आम्ही जबाबदार नाही.’ साठ पानं आकडेमोड केल्यावर एकसष्टाव्या पानावर इतकी नम्रता येते. तज्ज्ञांची चूक काढायचा माझा हेतू नाही. ते आरशासारखं काम करतात, आणि आरशासमोर पोट आत ओढून उभं राहणारा मालकच असतो.

खरी किंमत काढायचा एक उपाय जुन्या माणसांकडे होता. त्याला ना लॅपटॉप लागायचा ना कापायचा दर. वाटे थोरल्याने करायचे, उचल धाकट्याने करायची. आपल्या वाट्याला कुठला येणार हे वाटे करणाऱ्याला ठाऊक नसतं, त्यामुळे त्याचा हात आपोआप सरळ चालतो. हल्ली भागीदारीच्या करारांत वकील हेच नव्या वेष्टनात घालतात. एकाने एकच भाव सांगायचा. त्या भावाने आपला हिस्सा द्यायचा की समोरच्याचा घ्यायचा, हे दुसऱ्याने ठरवायचं. परदेशी वकील याला पिस्तुलाच्या खेळावरून रशियन रूले म्हणतात. यात एक खोट आहे, ज्याच्या हातात रोकड त्याची सरशी होते. पण माणसाच्या तोंडून खरा आकडा काढायला याच्याइतकं जालीम औषध नाही.

आमच्या दोघा भावांच्या मामांनी ते वापरून पाहिलं. दोघांना दुकानाच्या माडीवर बसवलं. मामा थोरल्यांना म्हणाले, ‘दुकान सत्याहत्तर लाखांचं आहे म्हणतोस ना? मग त्याच हिशेबानं धाकट्याला घेऊ दे.’

थोरले ताडकन म्हणाले, ‘सत्याहत्तर? मामा, स्टँडसमोरची जागा आहे ही! आणि आजोबांचं नाव फुकट?’

मामा धाकट्यांकडे वळले. ‘बरं, तुझ्या हिशेबानं सव्वा कोटी. तर तू सव्वा कोटीच्या हिशेबानं दादाचा हिस्सा घे.’

धाकटे म्हणाले, ‘सव्वा कोटी? स्टँड बायपासला हलवणार म्हणतात मामा. आणि फरसाण आता लोक ऑनलाइन मागवतात.’

दोन मिनिटांत दोघांनी एकमेकांचे अहवाल तोंडपाठ म्हणून दाखवले. मामा म्हणाले, ‘मग आता असं करा. थोरल्या, तू एकच आकडा बोल. घ्यायचं की द्यायचं ते धाकटा ठरवेल.’

थोरल्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. कॅल्क्युलेटर काढला, काहीतरी दाबलं, पुसलं. चहा आला. धाकटे टक लावून त्यांच्या बोटांकडे बघत होते. चहा संपला, बशीतले खारे दाणे संपले, आकडा काही येईना.

शेवटी थोरले म्हणाले, ‘मामा, तुमचं म्हणणं पटतंय. पण अशा गोष्टी घाईनं करू नयेत. पुढच्या महिन्यात कोर्टाची तारीख आहेच.’

‘हो ना,’ धाकटे घाईघाईनं म्हणाले, ‘तारीख आहेच की!’

भांडण सुरू झाल्यापासून दोघं भाऊ पहिल्यांदाच एका मुद्द्यावर एक झाले होते.